शासकीय, निमशासकीय आणि मी

पाटीवर लिहिलं होतं : ‘शासकिय कर्मचारी व कोरोना योद्धे यांना कूलरवर आणि सुट्या भागांवर १० टक्के सूट.’ दुसरा कुणी असता तर आधी टक्के वाचले असते. मी आधी ‘शासकिय’मधला ऱ्हस्व ‘कि’ वाचला. तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाचं असंच होतं. घराला आग लागली तरी ‘अग्निशामक’ की ‘अग्निशमन’ हे ठरल्याशिवाय तो फोन उचलत नाही.

मग टक्केही वाचले. बारा हजारांच्या कूलरवर बाराशे रुपये. पाटी कोरोनाच्या काळात रंगवलेली असावी, कडा उडाल्या होत्या, पण योद्धे अजून शाबूत होते.

बर्डीच्या मागच्या गल्लीत एप्रिलमध्ये कूलर घ्यायला जाणं म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको आणि इतरांना सांगून पटत नाही. २०२४च्या मे महिन्यात इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं. हवामान खात्यानं नंतर सांगितलं, यंत्र बिघडलं होतं. साऱ्या देशानं सुटकेचा निःश्वास टाकला, आम्ही मात्र जरा हिरमुसलोच. एवढं मोठं काही आपल्या नावावर लागलं होतं, तेही गेलं. तर अशा गावात माझ्या जुन्या कूलरची टाकी तळातून गंजली आणि हॉलमध्ये अंबाझरी तलाव झाला. नवा घेणं भाग होतं.

“सर, गव्हर्नमेंट सर्व्हंट का?” काउंटरवरच्या पोरानं विचारलं.

इथं ‘हो’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण एका वाक्यात उत्तर द्या, असं फक्त मुलांना सांगायचं असतं.

“तसं म्हटलं तर हो,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

म्हणजे काय, ते मी त्याला समजावून दिलं. माझी शाळा खासगी, अनुदान शंभर टक्के. नेमणूक संस्थेची, मान्यता शिक्षणाधिकाऱ्यांची, पगार शासनाच्या तिजोरीतून, खडू कधी कधी माझ्या खिशातून. १९८८ला लागलो, २०२१ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, जुनी पेन्शन आहे. (१ नोव्हेंबर २००५ ही तारीख मी सहजच सांगितली. त्या तारखेनंतर लागलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेल्या टोप्या घातल्या तेव्हा मीही मनापासून पाठिंबा दिला होता. ज्याचं पोट भरलंय, त्याचा पाठिंबा नेहमी मनापासूनच असतो.)

पोरानं सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे प्रायव्हेट,” तो म्हणाला.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

हे दुखणं जुनं आहे. कामाची वेळ आली की आम्ही शासकीय, मागायची वेळ आली की संस्थेचे. जनगणना आली, बोलवा शिक्षकांना. मतदार याद्या आल्या, शिक्षक आहेतच. निवडणुकीच्या ड्युटीवर तर लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं २८-अ कलम सांगतं की तेवढे दिवस आम्ही निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहोत असं समजण्यात येईल. ‘समजण्यात येईल’ ही किती सुंदर क्रिया आहे! ११ एप्रिल २०१९ रोजी मी मतदान केंद्राध्यक्ष होतो. त्या दिवशी एक माजी नगरसेवक दाराशी घुटमळले, तर मी त्यांना शंभर मीटरच्या रेषेपलीकडे घालवलं होतं. खरं तर ते स्वतःच निघाले होते. पण मी हात केला होता.

ते गळ्यात घालायचं ओळखपत्र मी जपून ठेवलंय. पाकिटात असतं. मी ते काउंटरवर ठेवलं.

“सर, हे तर एकोणीसचं हाये.”

“म्हणून काय झालं? तो अनुभव कुठं जातो?”

“अनुभवावर सूट नाही जी.”

माझी ही सवलतीची भूक उपजत नाही, परिस्थितीनं आणलेली आहे. मागच्या दिवाळीत आम्ही तिघं एसटीनं रामटेकला गेलो. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. पंच्याहत्तरीच्या पुढे एसटी फुकट, ऑगस्ट २०२२पासून. बायको महिला, १७ मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट. मी बासष्ट. पुरुषांना अर्धं तिकीट पासष्टीला. कंडक्टरनं आईला शून्याचं तिकीट दिलं, हिला अर्ध्याचं दिलं, आणि मग माझ्याकडे असा काही वळला, की जणू तिघांचा हिशेब एकट्याकडून चुकता करून घ्यायचाय. “फुल,” तो म्हणाला. घरात ज्याला कुणी पूर्ण मोजत नाही, त्याला एसटीनं पूर्ण मोजलं. रेल्वेत पुरुषाला साठीला ४० टक्के सूट असायची. मी साठीकडे डोळे लावून बसलो होतो. २० मार्च २०२० रोजी ती सवलत बंद झाली. साठी माझी २०२३ला झाली.

आमच्या शेजारी एक सुभेदारसाहेब राहतात, कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमधून निवृत्त झालेले. त्यांना कॅन्टीन आहे. साबण, मिक्सर, प्रेशर कुकर आणि संध्याकाळची सोय, सगळं कार्डावर. एकदा सर्दी जास्त झाली म्हणून मी त्यांच्याकडे एका बाटलीचा शब्द टाकला. ते म्हणाले, “सर, सीमेवर तुमच्या वाट्याचा मी जाऊन आलो. कॅन्टीनमध्ये तुमच्या वाट्याचा नाही जाणार.” आणि दोन पेले घेऊन ते स्वतःच आमच्या गच्चीवर आले. नियम मोडला नाही, सर्दी मोडली.

आता थोडं टोलनाक्याविषयी. विषय कूलरचा आहे, हे मला माहीत आहे. पण सूट कुणाला हा प्रश्न या देशात कुणी सर्वांत मुळापासून हाताळला असेल, तर तो टोलनाक्यावरच्या पाटीनं.

फास्टॅग यायच्या आधी अमरावतीला जाताना आमची गाडी नाक्यावर अर्धा अर्धा तास उभी राहायची. बायको डुलकी काढायची आणि मी ती पाटी वाचायचो. ‘खालील व्यक्तींच्या वाहनांना पथकर माफ’. मुळात २००८च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांतली ही यादी. असलं गद्य आपल्याकडे फारसं लिहिलं जात नाही. सुरुवात भव्य : राष्ट्रपती. मग उपराष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, राज्यपाल, केंद्रीय मंत्री, मुख्यमंत्री. मग न्यायमूर्ती. मग खासदार. आमदार मात्र आपापल्याच राज्यात, आणि तेही ओळखपत्र दाखवलं तर. या एका अटीत लोकशाहीचा केवढा अनुभव आहे पहा. मग परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर, शौर्य ही चक्रं. इथं मी दर वेळी मनातल्या मनात सावधान उभा राहायचो. मग गणवेशातले पोलीस, कार्यकारी दंडाधिकारी, अग्निशमन दल, रुग्णवाहिका.

राष्ट्रपतींची गाडी रांगेत लागलीय, पुढं संत्र्यांचा ट्रक आहे, आणि खिडकीतून राष्ट्रपती महोदय पाटीकडे बोट दाखवून म्हणताहेत, ‘भाऊ, पहिलंच नाव माझं आहे’, हे चित्र मी अनेकदा रंगवलं आहे. ज्यांची गाडी नाक्यावर थांबतच नाही, त्यांची नावं एवढ्या ठळक अक्षरांत का, हा प्रश्न मला पडायचा. उत्तर एका अर्ध्या तासात सुचलं. ती पाटी त्यांनी वाचायची नसतेच, ती आपण वाचायची असते. आपल्याला काय मिळत नाही हे नीट कळावं, म्हणून.

मी प्रत्येक वेळी यादीत ‘शिक्षक’ शोधायचो. नाही, हे माहीत असून शोधायचो. लॉटरीचा निकाल बघणारा माणूस तिकीट न घेताही एकदा नंबर बघतोच. ‘अनुदानित माध्यमिक शाळेतील मराठी विषयाचे ज्येष्ठ शिक्षक’ एवढी ओळ बसेल इतकी जागा पाटीच्या तळाशी होती, हेही मी मोजलं होतं. आणि त्या जागेच्या वरच, शेवटाकडे, एक शब्द होता : शववाहिका.

तेव्हा मला उमगलं की या यादीत आपला नंबर लागणार आहे. फक्त शेवटून.

मी बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, “तोवर सुटे काढा.”

तर, काउंटर. पोरगं म्हणालं, “सर, दुसरं काही कार्ड-बिर्ड?” आणि मला आठवलं : कोरोना योद्धा! मोबाइलमध्ये माझं प्रमाणपत्र होतं. २०२०मध्ये त्यांचा पाऊस पडत होता. कुणी प्रश्नमंजूषा सोडवली, योद्धा. कुणी मास्क लावून फोटो पाठवला, योद्धा. मी घरी पंख्याखाली बसून ‘महामारी आणि मराठी भाषा’ या विषयावर ऑनलाइन व्याख्यान दिलं होतं. श्रोते सतरा, त्यातले पाच आमचेच नातेवाईक. आयोजकांनी सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र पाठवलं, त्यावर माझा फोटो, मागे तिरंगा आणि खाली ‘कोरोना योध्दा’. ‘द्ध’ उलटा जोडलेला होता. तेवढ्यासाठी मी ते कधी छापून घेतलं नव्हतं.

पोरानं मोबाइल मालकाला दाखवला. मालकानं चष्मा वर करून फोटो पाहिला, मला पाहिलं. “देऊन टाक दहा टक्के. योद्धा हाये.”

बाराशे रुपये! मी वळून रांगेकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मघाशी हसलेली व्यक्ती अजून हसत होती. फिकट झालेली साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात कूलरचा जळका पंप.

“ओळखलं नाही का काका?”

आवाजावरून ओळखलं. चेहरा मी कधी नीट पाहिलाच नव्हता. २०२१च्या एप्रिलात तो मास्कच्या आत होता.

ते दिवस नागपुरात ज्यांनी काढले, त्यांना वर्णन नको. आम्ही तिघंही पॉझिटिव्ह. फाटकाला बाहेरून कुणी हात लावत नव्हतं. वृत्तपत्र बंद, दूध पिशवीत अडकवून. त्या फाटकाशी रोज अकराच्या उन्हात ही बाई यायची. आमच्या भागातली आशा. कंपाउंडच्या भिंतीवर ऑक्सिमीटर ठेवायची आणि सहा पावलं मागं जायची. मी जाऊन बोट घालायचो, आकडा ओरडून सांगायचो, मग आईचा, मग हिचा. ती रजिस्टर हातावर धरून लिहायची. जाताना ऑक्सिमीटर पुसून पुन्हा जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. एका दिवशी माझा आकडा ९३ आला. ती गप्प झाली. मला दम लागत होता, भिंतीला टेकून मी तिच्या रजिस्टरकडे पाहिलं आणि म्हणालो, “ऑक्सिजनमधला ‘सि’ ऱ्हस्व असतो.”

ती एवढी हसली! म्हणाली, “काका, मंग काही नाही होत तुम्हाले.” आणि पुढल्या तासाभरात फोन करकरून आईसाठी आणि माझ्यासाठी तिनं दोन खाटा मिळवल्या. कशा मिळवल्या, हे मी कधी विचारलं नाही. तिचं नाव विचारायचंही राहून गेलं. फोनमध्ये ती अजून ‘आशा (ऑक्सिजन)’ अशीच आहे.

तिच्यासारख्या दहा लाखांच्या आसपास आशा देशात आहेत. योजना २००५ची. २०२२च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं या सगळ्यांचा गौरव केला. पण त्या कर्मचारी नाहीत. कागदावर त्या ‘स्वयंसेविका’ आहेत, त्यांना पगार नसतो, कामानुसार मोबदला असतो. शहरात जननी सुरक्षा योजनेखाली एका बाईचं बाळंतपण दवाखान्यात होईपर्यंत पाठपुरावा केला की ४०० रुपये. कोरोनाच्या कामासाठी केंद्रानं वर दिले ते महिन्याला १००० रुपये. ‘आशा’ या अक्षरांतलं पहिलं इंग्रजी अक्षर ‘अ‍ॅक्रेडिटेड’चं. हाच शब्द पत्रकाराला लागला की त्याचं मराठी ‘अधिस्वीकृतीधारक’ होतं आणि एसटीचा प्रवास मोफत होतो. आशाला लागला की ‘मान्यताप्राप्त’ होतं आणि कंडक्टर पैसे मागतो. मराठीच्या शिक्षकाला तरी हे आधी दिसायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट मला नंतर सापडली. १८६०च्या भारतीय दंड संहितेत ‘लोकसेवक’ कोण, हे २१व्या कलमात सांगितलेलं होतं. त्यात शासनाच्या पगारावर असलेला माणूस तर आहेच, पण सार्वजनिक कर्तव्य पार पाडण्याबद्दल शासनाकडून फी किंवा कमिशन घेणाराही आहे. वकील काय म्हणतील ते म्हणोत, मला तरी हे वाचून आशाच दिसली. पकडायचं असलं की व्याख्येचा दरवाजा सताड उघडा. द्यायचं असलं की खिडकीसुद्धा किलकिली आणि तिच्यामागे एक पोरगं, कार्ड मागत.

“ताई, कार्ड?” पोरानं तिला विचारलंच.

“मी आशा हाये. कोरोनाची ड्युटी केली मी.”

“प्रमाणपत्र हाये का मोबाइलमधी?”

“नाही बा. तेव्हा साधा फोन होता.”

पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी खाली. माझ्या मोबाइलच्या पडद्यावर सोनेरी चौकट अजून उजळलेली होती.

इथं मला मोठेपणा सुचला. “तिचं बिल माझ्या नावावर करा,” मी जरा मोठ्यानं म्हणालो, दुकानभर ऐकू जाईल असं. “दहा टक्के तिलाही लागतील.”

“राहू द्या काका,” ती म्हणाली, आणि मालकाकडे वळली. पुढची दोन मिनिटं मी नुसती पाहिली. पंप चारशेचा. तिनं तो उलटा केला, जाळी बोटानं दाबली, वायर किती आखूड आहे ते दाखवलं, इतवारीत काय भाव आहे ते सांगितलं, जळका पंप काउंटरवर आपटला, “हाही तुमच्याच दुकानातला हाये, मागच्याच वर्षीचा” म्हणाली आणि पिशवी उचलून दोन पायऱ्या उतरली. मालकानं हाक मारली. तीनशे तीस.

मी घरी येऊन हिशेब केला : साडेसतरा टक्के. प्रमाणपत्राशिवाय.

बाहेर रसवंतीपाशी मी तिला गाठलं. उसाचा रस घेऊ म्हणालो, पैसे तिनं देऊ दिले. मी म्हणालो, अशा सगळ्या सवलती खरं तर तुम्हाला मिळायला हव्यात. मी लिहिणार आहे यावर. ती ग्लास ठेवत म्हणाली, “सूट कायले पाहिजे काका? मोबदला महिन्याच्या महिन्याला आला, तर मी पुऱ्या किमतीत घेईन ना.” मग तिला दोन घरं करायची होती, ती गेली. ऊन मी म्हणत होतं. छत्री तिच्याकडे नव्हती, माझ्याकडे होती, आणि हे मला ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं.

२२ मार्च २०२०च्या संध्याकाळी पाच वाजता मी गच्चीवर जाऊन स्टीलचं ताट वाजवलं होतं, अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. एवढ्या जोरात, की ताटाला पोचा आला. बायको मला अजून त्याच ताटात वाढते. वरण नेहमी पोच्याकडे जातं. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या वाट्याची कृतज्ञता तेवढ्यात फिटली.

एक सांगायचं राहिलं. दुकानातून निघण्याआधी, कूलर टेम्पोत चढत असताना, मी मालकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुमच्या पाटीवर ‘शासकिय’ चुकलंय, ‘की’ दीर्घ हवी. गिऱ्हाइकावर वाईट परिणाम होतो. ते सज्जन होते. म्हणाले, “बरं झालं सर सांगितलं, तशीही जुनीच झाली ती.”

मागच्या आठवड्यात वाळ्याच्या ताट्या आणायला पुन्हा तिकडे गेलो. पाटी नवी रंगवली आहे. अक्षर सुंदर आहे, ‘शासकीय’मधली ‘की’ दीर्घ आहे. रंगाऱ्यानं अक्षरं मोठी काढल्यामुळे जागा पुरली नाही, म्हणून ‘कोरोना योद्धे’ गाळले आहेत.